भाड्याचा ट्रेंच बॉक्स: पोलाद उत्तम, करार मात्र वाचून घ्या

खोदलेल्या चरात माणसांवर माती पडू नये म्हणून उतरवायची पोलादी पेटी, म्हणजे ट्रेंच बॉक्स, मी भाड्याने घेतला; त्याचा हा निकाल. पोलादाला पैकीच्या पैकी गुण. बॉक्स जोडून द्यायला आलेल्या दोघा फिटरना त्याहून जास्त देता आले असते तर दिले असते. कागदपत्रं काठावर पास. आणि विक्री बघणाऱ्या साहेबांनी फोनवर जे सांगितलं त्याला भोपळा. ते म्हणाले, "एकदा आमचा बॉक्स चरात उतरला की कायद्याचं टेन्शन संपलं समजा."

संपत नाही. कुठल्याच देशात संपत नाही. हा रिव्ह्यू एवढा लांबला तो त्यामुळेच.

मी सांडपाण्याच्या लाइनी टाकणारा उपकंत्राटदार आहे. काम मुख्य कंत्राटदाराच्या नावावर, पैसे मालकाचे, आणि चरात उतरणारी माणसं माझी. ट्रेंच बॉक्स भाड्याने घ्यावा का, घेताना काय बघावं आणि घेतल्यावर आपल्या डोक्यावरचं किती ओझं खरोखर उतरतं, हे माझ्यासारख्या माणसाला कळावं म्हणून लिहितोय. कंपनीचं नाव देत नाही. तिच्या करारातलं जे कलम मला खटकलं ते मी मागवलेल्या बाकीच्या कोटेशनांमध्येही जवळपास शब्दशः होतं, त्यामुळे एकट्या तिला झोडण्यात अर्थ नाही.

ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. दोन जाड पोलादी भिंती आणि त्यांना एकमेकींपासून लांब धरून ठेवणारे आडवे स्प्रेडर, एवढाच हा प्रकार. वर-खाली उघडा, पुढे-मागेही उघडा. पोकलेनने उचलून चरात ठेवायचा, आत माणसं उतरून पाइप बसवतात, जॉइंट झाला की बॉक्स पुढे ओढायचा आणि मागचा चर भरत यायचा. शोरिंग वेगळं. शोरिंग मातीला दाबून धरतं, म्हणजे माती पडूच देत नाही. बॉक्स माती पडू देतो, फक्त आतल्या माणसावर पडू देत नाही. हा फरक विक्रीच्या पत्रकात नव्हता आणि साहेबांनीही सांगितला नाही. चराशेजारी कंपाउंडची भिंत असेल, जुनी पाणीलाइन असेल, रस्त्याची कड असेल, तर बॉक्सच्या बाहेर सुटलेली माती त्यांच्याखालून जाते. माणूस वाचतो, भिंत बसते, आणि भिंतीच्या मालकाची नोटीस खोदणाऱ्याच्या नावावर येते. तशा टप्प्यात हायड्रॉलिक शोरिंग किंवा शीट पाइल, म्हणजे जमिनीत ठोकलेल्या पोलादी पट्ट्यांची भिंत. आमच्या लाइनीचा एक तुकडा असा भिंतीला खेटून होता, तो आम्ही बॉक्सच्या ऑर्डरमधून आधीच काढून टाकला.

आता बॉक्स लागतोच का, हा प्रश्न. मुख्य कंत्राटदाराच्या इंजिनिअरचं म्हणणं होतं की सुरुवातीचा भाग दीड मीटरच्या आत आहे, तिथे कशाला. दीड मीटरचा आकडा हवेतून आलेला नाही. अमेरिकेच्या 'ओशा'चे, म्हणजे तिथल्या कामगार सुरक्षा खात्याचे, खोदाईचे नियम १९८९ साली आजच्या रूपात आले, त्यात ५ फूट म्हणजे साधारण १.५ मीटरपासून संरक्षण सक्तीचं आहे. सूट फक्त अखंड, स्थिर खडकाला. आपल्याकडे सीपीडब्ल्यूडीच्या (केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या) कामांना जोडलेल्या सुरक्षा संहितेतही १.५ मीटर किंवा जास्त खोल चराच्या बाजू उतरत्या करा नाहीतर आधार देऊन धरा असंच आहे. पण त्या इंजिनिअरने नियमाचा उरलेला अर्धा भाग वाचला नव्हता. ५ फुटांच्या आत सूट मिळते ती सक्षम व्यक्तीने (धोका ओळखणाऱ्या आणि तो दूर करायचा अधिकार असलेल्या माणसाने) चर तपासून 'ढासळण्याचं कुठलंही लक्षण नाही' असं ठरवल्यावरच. ब्रिटनच्या २०१५ च्या बांधकाम नियमावलीत तर नियम २२ खोलीचा आकडाच देत नाही. माणसाला धोका असेल तर उपाय करा, बस्स. आणि चरात माणूस उभा नसतो. तो वाकून जॉइंट लावत असतो. वाकलेल्या माणसाचं डोकं किती खाली जातं ते एकदा चराच्या काठावरून बघा.

एक घनमीटर माती दीड ते दोन टन भरते. छातीपर्यंत गाडला गेलेला माणूस डोकं मोकळं असूनही गुदमरू शकतो, कारण प्रत्येक उच्छ्वासाबरोबर छाती आत जाते आणि सुटलेली माती ती जागा घेते. पुढचा श्वास तेवढा लहान होतो. म्हणून 'पळेल की' हा युक्तिवाद माझ्या साईटवर चालत नाही. चर सावध करून पडत नाही.

बॉक्स ट्रेलरवरून आला. वजन दोन टनांच्या पुढे. फिटर उतरले आणि त्यांनी सगळ्यात आधी पोकलेनच्या केबिनमधला वजनाचा तक्ता मागितला, कारण मशीन जवळ जेवढं उचलतं तेवढं बूम लांबवल्यावर उचलत नाही. चहापाणी नंतर, हे त्यांचंच वाक्य. मग चार पायांची साखळी, प्रत्येक पिनला तिची क्लिप, क्लिप नसलेली पिन बाजूला. एक क्लिप कमी निघाली तर तारेने बांधून वेळ मारून न्यायला आमचा ऑपरेटर तयार होता. थोरल्या फिटरने नकार दिला आणि गाडीतून नवी आणली. बॉक्स खाली जाताना किंवा वर येताना आत कोणी नाही, हे त्यांनी माझ्या माणसांना हातवारे करून दोनदा सांगितलं. अमेरिकी नियमातही हेच आहे: बॉक्स बसवताना, काढताना आणि वर-खाली हलवताना आत माणूस नको. मी आडवं ओढतानाही सगळ्यांना बाहेर काढतो. त्यात जो वेळ जातो तो मी दरात धरलेला असतो.

आता कागद.

बॉक्सवर लोखंडी पाटी असते, तिच्यावर अनुक्रमांक. त्या अनुक्रमांकाला उत्पादकाचा क्षमतेचा तक्ता जोडलेला असतो, त्यावर तो मंजूर करणाऱ्या इंजिनिअरची ओळख असते. आमच्याकडे आली ती झेरॉक्सची झेरॉक्स. अनुक्रमांक दुसऱ्याच मॉडेलचा, इंजिनिअरच्या शिक्क्याचं पान गायब. मी तक्रार केली तर उत्तर आलं, "साहेब, सगळे बॉक्स सारखेच असतात."

सारखे नसतात, आणि एकच बॉक्स सगळ्या मातीत सारखा नसतो. विकत किंवा भाड्याने घेणारे बहुतेक जण विचारतात, "हा किती मीटरपर्यंत चालतो?" या प्रश्नाला एक उत्तर नाही. पोलाद खोली ओळखत नाही, दाब ओळखतं. 'ओशा'च्या वर्गवारीत स्थिर खडक सोडला तर मातीचे तीन वर्ग आहेत. 'ए' म्हणजे घट्ट चिकण, जिची दाबशक्ती १४४ किलोपास्कल किंवा जास्त. 'बी' ४८ च्या वर आणि १४४ च्या आत. 'सी' त्याखालची, शिवाय रेती, आणि पाणी झिरपणारी किंवा पाण्यात बुडालेली माती. अमेरिकी उत्पादकांचे तक्ते दर फूट खोलीमागे प्रति चौरस फूट 'ए'ला २५ पौंड, 'बी'ला ४५, 'सी'ला ६० आणि अगदी पातळ, वाहत्या मातीला ८० असा दाब धरून काढतात. म्हणजे 'ए' मातीत जो बॉक्स छाती पुढे काढून उभा राहतो तोच 'सी' मातीत निम्म्याहून कमी खोलीला हात टेकतो. आमच्या मॉडेलचा खरा तक्ता शेवटी ईमेलने आला तेव्हा नेमकं हेच दिसलं. झेरॉक्समधल्या मॉडेलवर विसंबून खोदलं असतं तर शेवटचा टप्पा तक्त्याच्या बाहेर गेला असता.

आणि इथे शहरी लाइनी टाकणाऱ्यांनी कान द्यावा. एकदा खोदून बुजवलेली माती कधीच 'ए' नसते. जड वाहनांच्या किंवा पायलिंगच्या हादऱ्यांत असलेली माती 'ए' नसते. भेगा पडलेली माती 'ए' नसते. वाहत्या रस्त्याकडेला, जुन्या केबल-पाइपांच्या गर्दीत 'ए' माती मिळेल ही आशा सोडा. आम्ही सगळी लाइन 'सी' धरून मागवली. साहेबांना वाटलं मी उगाच महाग मॉडेल घेतोय. घेऊ दे की मग.

तक्ता साईटवर असणं ही शोभेची गोष्ट नाही. संरक्षण उभं राहत असताना त्याची प्रत, मंजूर करणाऱ्या इंजिनिअरच्या ओळखीसह, साईटवर हवी, असं अमेरिकी नियम स्पष्ट सांगतो. तो कायदा लागू नसलेल्या ठिकाणीही अपघातानंतर येणारा पहिला प्रश्न हाच असतो: हा बॉक्स इथे चालेल हे कोणी आणि कशावरून ठरवलं? हातात कागद नसेल तर उत्तर एकच उरतं, "मी ठरवलं." तक्त्यातच आणखी एक उपयोगी सवलत असते, जी थोरल्या फिटरला तोंडपाठ होती. बॉक्सच्या तळाखाली २ फुटांपर्यंत, म्हणजे ०.६ मीटर, खोदता येतं. पण बॉक्सची क्षमता चराच्या पूर्ण खोलीला पुरणारी हवी आणि मागून किंवा तळातून माती निसटताना दिसता कामा नये. बेडिंग, म्हणजे पाइपाखालचा थर, पसरताना याचा फार फायदा होतो. पाणी लागलं त्या दिवशी तळातून गाळ सरकायला लागला, आम्ही सवलत सोडून दिली आणि बॉक्स खाली बसवला.

आता करार, आणि त्यातलं कलम. भाडेकरूने म्हणजे मी, 'कोणत्याही कारणाने' होणाऱ्या इजा, मृत्यू, नुकसान यांच्या सर्व दाव्यांपासून कंपनीला मोकळं ठेवायचं. साहेब एका तोंडाने म्हणतात टेन्शन संपलं, आणि त्यांचाच करार म्हणतो सगळं टेन्शन तुझं. दोन्ही चूक आहे.

अशा इंडेम्निटीचं, म्हणजे दुसऱ्यावर आलेला दावा आपण भरून देण्याच्या हमीचं, कलम दोन सही करणाऱ्यांमध्ये पैसे कोणी भरायचे एवढंच ठरवतं. कायद्याने ज्याच्यावर जे कर्तव्य टाकलंय ते त्या कलमाने हलत नाही, आणि तुरुंगवास तर कोणी कोणाला करार करून देऊ शकत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९८८ चा बांधकाम सुरक्षेचा करार आहे, क्रमांक १६७. त्याचं कलम ८ मला सगळ्यात स्वच्छ वाटतं. एकाच साईटवर अनेक मालक (म्हणजे कामगार ठेवणारे, कामाचे पैसे देणारा मालक नव्हे) काम करत असतील तर सुरक्षेचा मेळ घालणं आणि ती पाळली जाते हे बघणं मुख्य कंत्राटदाराचं काम, किंवा साईटचा प्रत्यक्ष ताबा ज्याच्याकडे आहे त्याचं. आणि तरीही प्रत्येक मालक आपापल्या हाताखालच्या कामगारांसाठी जबाबदार राहतोच. एकावरून काढून दुसऱ्यावर टाकलेली जबाबदारी नाही ही. दोघांवर एकाच वेळी पूर्ण. 'ओशा' हेच दुसऱ्या वाटेने करते: धोका निर्माण करणारा, कामगाराला धोक्यात उतरवणारा, धोका दूर करायची जबाबदारी घेतलेला आणि साईटवर हुकमत असलेला, अशा चारही प्रकारच्या मालकांना एकाच चरासाठी नोटीस जाऊ शकते. आणि मुख्य कंत्राटदार कामगाराचा मालक नसूनही भरपाईला बांधील, मग ती तो ठेकेदाराकडून वसूल करो, ही कल्पना आपल्या १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या कलम १२ मध्येच होती. शंभर वर्षांत ती कळली नाही असं म्हणायला जागा नाही.

मुख्य कंत्राटदाराच्या वर्क ऑर्डरमध्येही तसंच एक वाक्य होतं, 'सुरक्षेची संपूर्ण जबाबदारी उपकंत्राटदाराची'. मी सही केली, पण सोबत पत्र जोडलं: चराच्या कडेची वाहतूक, शेजारच्या एजन्सीची खोदाई आणि पंपाची वीज माझ्या ताब्यात नाही, त्यांचा निर्णय कोण घेणार त्याचं नाव कळवा. नाव आलं. एवढंच हवं होतं.

निकालांबद्दल थोडं, कारण आमच्या धंद्यात लोकांना नियम ऐकून झोप येते आणि निकाल ऐकून जाग. ब्रिटनचा कॉर्पोरेट मॅनस्लॉटरचा, म्हणजे कंपनीलाच सदोष मनुष्यवधासाठी दोषी धरणारा, कायदा २००७ चा. त्याखाली पहिली दोषी ठरलेली कंपनी कोणती? एखादी रेल्वे, एखादा तेलाचा कारखाना? नाही. कॉट्सवोल्ड जिओटेक्निकल नावाची, मोजक्या माणसांची, मातीची तपासणी करणारी कंपनी. २००८ मध्ये तिचा तरुण भूशास्त्रज्ञ आधार नसलेल्या चाचणी खड्ड्यात गाडला गेला. फेब्रुवारी २०११ मध्ये कंपनी दोषी ठरली, दंड ३,८५,००० पौंड, दहा वर्षांच्या हप्त्यांनी. कंपनी बुडाली तर बुडू दे, असाच न्यायाधीशांचा सूर होता, आणि अपील न्यायालयाने तो दंड कायम ठेवला.

कॅनडात क्वेबेकमध्ये २०१२ साली एक चर ढासळून कामगार गेला. २०१८ मध्ये त्या खोदाई कंत्राटदाराला सदोष मनुष्यवधासाठी दोषी धरलं. बाजूंना पुरेसा उतार किंवा आधार दिला नव्हता, आणि सुरक्षा संहितेचा तो भंगच न्यायालयाने 'बेकायदा कृत्य' म्हणून मोजला. लक्षात घ्या, आपण ज्याला दंडाची पावती समजतो त्या नियमाच्या भंगावर फौजदारी खटला उभा राहिला.

तिसरा न्यूयॉर्कचा, आणि माझ्या मुकादमाला मी हाच वाचून दाखवला. एप्रिल २०१५, पुन्हा ढासळलेला चर. मृत कामगार उपकंत्राटदाराचा, पण जून २०१६ मध्ये मुख्य कंत्राटदार हार्को कन्स्ट्रक्शन ही कंपनी मॅनस्लॉटरसाठी दोषी ठरली. चराचा धोका आधीच निदर्शनास आणून दिलेला होता. बाहेर या असं सांगितलं गेलं ते आधी इंग्रजीत, आणि चरातली माणसं बहुतेक स्पॅनिश बोलणारी. कंपनीला दंड झाला १०,००० डॉलर, म्हणजे तिच्या दृष्टीने चिल्लर. तुरुंगात गेला तो उपकंत्राटदाराचा फोरमन, एक ते तीन वर्षांसाठी. मुकादमाने विचारलं, "म्हणजे साहेब, तुमच्या जागी मी?" म्हटलं, "माझ्यासोबत तुम्ही." त्या दिवसापासून तो सकाळची तपासणी माझ्या आधी करायला लागला.

या खटल्यामुळे एक गोष्ट मी कंपनीला लेखी कळवली आहे: बॉक्सवरचे सगळे इशारे इंग्रजीत होते. माझ्या टोळीत तीन भाषा बोलल्या जातात आणि त्यातली एकही इंग्रजी नाही. चित्रांचे स्टिकर आम्हीच करून चिकटवले.

'कोणत्याही कारणाने' हे शब्द मात्र मी करारात राहू दिले नाहीत. पुरवठादारालाही स्वतःचं कर्तव्य असतं. ब्रिटनच्या १९७४ च्या आरोग्य व सुरक्षा कायद्याचं कलम ६ कामाच्या वस्तू पुरवणाऱ्यावर थेट कर्तव्य टाकतं, आणि त्या कायद्याच्या व्याख्येत पुरवणं म्हणजे भाड्याने देणंही आलं. वेल्डला तडा असेल, तक्ता चुकीचा असेल, त्यांच्या फिटरने पिन विसरली असेल, तर त्याचं ओझं मी का उचलावं? बराच वेळ वाद झाला. शेवटी 'बॉक्समधील दोष, चुकीची माहिती आणि कंपनीच्या माणसांची चूक वगळून' अशी ओळ आत आली. मागितली म्हणून आली. तुम्हीही मागा. एखादी कंपनी ती ओळ अजिबात घालायला तयार नसेल तर दुसरीकडे फोन करा.

भाड्यासोबत अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण मोफत होतं. प्रशिक्षक चांगला होता. त्याने फळ्यावर काही लिहिलं नाही, सगळ्यांना मातीच्या ढिगाजवळ नेलं. ओल्या मातीची ३ मिलिमीटर जाडीची वात वळा, ५० मिलिमीटर लांबीचा तुकडा एका टोकाला धरून तुटला नाही तर माती चिकट. मग अंगठा दाबून बघा किती आत जातो. म्हातारे कामगार हसत होते, हे त्यांना केव्हापासून येत होतं. फक्त त्यावरून चराचा निर्णय करता येतो हे कोणी सांगितलं नव्हतं. इथपर्यंत झकास. मग शेवटी बसलेल्या प्रत्येकाला 'सक्षम व्यक्ती' असं छापलेलं प्रमाणपत्र वाटलं, त्यात आमचा चहावाला पोरगाही होता, कारण तो योगायोगाने तिथे उभा होता.

याला माझा सक्त विरोध आहे. अमेरिकी व्याख्येत सक्षम व्यक्तीला दोन गोष्टी लागतात: धोका ओळखता येणं, आणि तो ताबडतोब दूर करण्याचा अधिकार असणं. पहिली गोष्ट अर्ध्या दिवसात थोडीफार शिकवता येते. दुसरी कंपनीच्या प्रशिक्षकाला देताच येत नाही, ती मालकानेच द्यायची. मी मुकादमाला माझ्या लेटरहेडवर पत्र दिलं आहे की चर थांबवायला त्याला कोणालाही विचारावं लागणार नाही आणि थांबवल्याबद्दल त्याची हजेरी कापली जाणार नाही. मुख्य कंत्राटदाराकडून त्यावर पोच घेतली आहे. असं पत्र नसेल तर प्रमाणपत्र खिशात ठेवलेला मुकादम खटल्यात उलट आपल्याच अंगावर येतो: माणूस शिकलेला होता, धोका कळला होता, तरी काम चालूच होतं.

बॉक्स असूनही खरी भीती बॉक्सच्या टोकांना असते. पाइप ओढायला माणूस दोन पावलं बाहेर जातो, आणि तिथे त्याच्या बाजूला उघडी माती. टोकं झाकायच्या प्लेटा वेगळ्या मिळतात; कंपनीने आपणहून सुचवल्या नाहीत, विचारल्यावर लगेच दिल्या. शिडी बॉक्सच्या आतच हवी. बाहेर लावलेली शिडी म्हणजे पेटीतून निघून मातीखालून जायचा रस्ता. 'ओशा' ४ फूट किंवा जास्त खोलीला २५ फुटांच्या, म्हणजे ७.६ मीटरच्या आत बाहेर पडायची सोय मागते. काढलेल्या मातीच्या ढिगाबाबत नियम जुळत नाहीत: अमेरिकेत काठापासून किमान ०.६ मीटर, आपल्या सीपीडब्ल्यूडीच्या संहितेत १.५ मीटर किंवा चराच्या निम्म्या खोलीइतकं, जे जास्त असेल ते. मी जास्तीचं धरतो. बॉक्स आहे म्हणून ढीग काठाला आणायची सवय ऑपरेटरना फार लवकर लागते, बॉक्सचा हाच एक वाईट गुण.

'कामगार ऐकत नाहीत' ही तक्रार सगळे करतात आणि कोर्टात ती बचाव म्हणून मांडतात. अमेरिकेत तसा बचाव आहेही, पण त्याला चार पाय लागतात: नियम लेखी किंवा ठरलेला हवा, तो कामगारांना सांगितलेला हवा, पाळला जातो का हे बघितलं जात हवं, आणि मोडल्यावर कारवाई झालेली हवी. चौथ्यावर बहुतेक जण पडतात. टोकाबाहेर गेलेल्या माझ्या सगळ्यात चांगल्या फिटरला मी अर्धा दिवस वर बसवलं आणि रजिस्टरात लिहिलं. तो रुसला. रुसू दे.

तपासणीचं रजिस्टर कंपनीने छापील दिलं, ते चांगलं आहे. रोज काम सुरू होण्याआधी, पावसानंतर, आणि माती आपोआप पडल्यावर पुन्हा. पंपाची नोंद करायला रकाना नव्हता, आम्ही हाताने आखला. गॅसबद्दल त्यात एक ओळही नाही, आणि सांडपाण्याच्या लाइनीत ते चालणार नाही, ऑक्सिजन १९.५ टक्क्यांखाली गेला तर पोलाद काही करू शकत नाही. गॅस मोजायचा मीटर वेगळा भाड्याने घ्या.

कामाचा वेग? पहिले काही दिवस रडारड झाली, मग टोळीला लय सापडली. बाजूंना उतार देत खोदलं असतं तर 'सी' मातीला दर मीटर खोलीमागे प्रत्येक बाजूला दीड मीटर रुंदी लागते. एवढा रस्ता आम्हाला कोणी फोडू दिला नसता आणि तेवढी माती ठेवायला जागाही नव्हती. म्हणून बॉक्स आम्हाला वेळेतही परवडला.

परत पाठवताना एक स्प्रेडर वाकलेला आहे म्हणून बिल लावलं गेलं. उतरवून घेताना आम्ही प्रत्येक भागाचे फोटो काढले होते, त्यात तो वाक आधीपासून दिसत होता. फोटो पाठवल्यावर बिल मागे घेतलं. पण मग मी विचारलं, की वाकलेला स्प्रेडर आमच्याकडे पाठवलाच कसा? यावर अजून उत्तर आलेलं नाही. भिंतीकडच्या तुकड्यासाठी हायड्रॉलिक शोरिंग त्यांच्याकडूनच घेणार आहे, पण ऑर्डरमध्ये आता लिहिलंय: अनुक्रमांकाशी जुळणारा, शिक्क्याच्या पानासह तक्ता गाडी निघण्याआधी हवा, आणि माल उतरवण्यापूर्वी तपासणी दोघांच्या सहीने होईल. साहेब म्हणाले, "एवढं कोणी मागत नाही." ऑर्डर त्यांनी घेतली.